घाई झाली का? मणक्याच्या ऑपरेशनबद्दल एका आईच्या दोन प्रश्नांना उत्तर

ताई,

परवा रात्री तुमचा फोन आला तेव्हा तुमच्या भावाला पडून नऊ तास झाले होते. सुदामा नगरातल्या घराच्या गच्चीवर टाकीचं झाकण बसवताना पाय सटकला, दोन मजले खाली फरशीवर तो टाचांवर आदळला आणि खाली बसला तो उठलाच नाही. एमआरआयमध्ये कमरेचा पहिला मणका, एल-वन, फुटलेला. उजव्या पायाचा अंगठा किंचित हलत होता, डावा पाय जवळजवळ गेलेला, लघवी अडकलेली. सर्जन म्हणत होते पहाटेच ऑपरेशन करू. पुण्याचे मामा म्हणत होते इकडे घेऊन या. शेजारचे काका म्हणत होते मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अधू होतो. आणि कोणीतरी सांगितलं होतं, आठ दिवस थांबा, सूज उतरू द्या. मी स्वतः मणक्याचा सर्जन, तुम्हाला एवढंच म्हणालो, हो म्हणा, इंदूरमध्येच, आत्ताच.

ऑपरेशन झालं. आता तुम्ही लिहिता की आई दोनच गोष्टी परत परत विचारतात. घाई तर नाही ना झाली? आणि तो चालेल का? पहिल्याचं उत्तर मला ठाम देता येतं. दुसऱ्याचं आज कोणालाच देता येणार नाही, पण ते कशाकशावर अवलंबून आहे हे सांगता येतं, आणि त्यातला मोठा भाग ऑपरेशन थिएटरच्या बाहेर घडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईंना वाचून दाखवा.

आपल्याकडे सरसकट 'नस दबली' म्हणतात, तिथूनच सुरू करतो. मणका हे हाड. त्याच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, करंगळीएवढ्या जाडीचा आणि पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. छातीचे मणके बरगड्यांनी घट्ट बांधलेले असतात, कंबरेचे हलते असतात. ताठ आणि हलता भाग जिथे मिळतात तिथे उंचावरून पडल्याचा सगळा भार येतो, म्हणून डी-अकरा (छातीचा अकरावा मणका) ते एल-दोन (कमरेचा दुसरा) एवढ्या पट्ट्यातच असे फ्रॅक्चर सर्वांत जास्त दिसतात. तुमच्या भावाचा मणका वरून दाबला जाऊन फुटला, आणि त्याचा एक तुकडा मागे सरकून पोकळीत घुसला. याला बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात.

हाड सांधतं. मज्जारज्जू सांधत नाही. ऑपरेशनने मज्जारज्जू 'जोडला' जातो अशी समजूत घेऊन फार लोक येतात, आणि पुढे ऑपरेशन फसलं म्हणून रडतात. आपटण्याच्या त्या एका क्षणात जे तुटलं ते मला परत आणता येत नाही. मात्र त्या क्षणानंतर दुसरं नुकसान सुरू होतं. तुकडा दाबत राहतो, सूज येते, रक्तपुरवठा कमी होतो, आणि जे जगलं असतं तेही मरायला लागतं. आपली लढाई या दुसऱ्या नुकसानाशी असते, आणि ती घड्याळाशी असते.

आता घाईबद्दल. २०१२ साली मानेच्या दुखापतीच्या ३१३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये सहा महिन्यांनी दोन किंवा जास्त श्रेणींची (दुखापत किती गंभीर ते सांगणाऱ्या, त्या पुढे सांगतो) सुधारणा १९.८ टक्के लोकांत दिसली, नंतर ऑपरेशन झालेल्यांत ८.८ टक्के. दोन्ही आकडे नीट पाहा. लवकर केल्याने चमत्कार होतो असं ते म्हणत नाहीत, पण उशिराने संधी निम्म्याहून खाली जाते असं नक्की म्हणतात. पुढे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मार मानेला असो की कंबरेला, शक्य असेल तर २४ तासांच्या आत दाब काढा असंच सांगितलं गेलं. पुणे आपल्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. ॲम्ब्युलन्सचे बारा तास, तिथे भरती, पुन्हा तपासणी, पुन्हा भूलतज्ज्ञांची वाट. मामांची माया मला कळते. पण त्या रस्त्यात तुमचे २४ तास संपले असते. आणि सूज उतरण्याची वाट बघायची तर हाडाचा तुकडा जिथे रुतलाय तिथेच बसून राहतो, आणि दाबत राहतो.

रुग्णाची अवस्थाच भूल सोसणारी नसेल, छातीला किंवा पोटाला मोठा मार असेल, रक्तदाब टिकत नसेल, तर थांबावंच लागतं. आधी जीव. तुमच्या भावाच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

फोनवर मी दोन प्रश्न विचारले होते, तुम्हाला ते विचित्र वाटले असतील. एक, अंगठा हलतो का. दुसरा, डॉक्टरांनी गुदद्वाराजवळ टाचणी लावून आणि बोटाने तपासलं का, तिथे काही कळतं का. मज्जारज्जूतून सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्या नसा त्या भागाला जातात. तिथे स्पर्श कळत असेल किंवा आवळता येत असेल, तर वरून खालपर्यंत कुठेतरी धागा शाबूत आहे. आम्ही दुखापतीला ए ते ई श्रेणी देतो. ए म्हणजे मार लागल्याच्या खाली काहीच नाही, अगदी त्या टोकालाही नाही. ई म्हणजे सगळं ठीक. तुमच्या भावाला तिथली टोचणी कळत होती आणि अंगठ्यात हालचाल होती, म्हणून तो सी श्रेणीत बसला. ए श्रेणीतून चालत घरी जाणारे मी फार थोडे पाहिलेत. सी मधून पुष्कळ पाहिलेत. त्या किंचित हलणाऱ्या अंगठ्यावर मी तुम्हाला 'आत्ताच' म्हणालो.

दुसरी जमेची बाजू जागेची. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल-वन, एल-टूच्या पातळीला संपतो, त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. या नसा मज्जारज्जूपेक्षा चिवट असतात, दाब गेला की बऱ्यापैकी सावरतात. पण लघवी-शौचाचं केंद्र मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकात, नेमकं याच पातळीला असतं. म्हणून पाय सुधारतील आणि लघवी मागे राहील असंही होऊ शकतं. हे आत्ताच सांगतो, कारण सहा महिन्यांनी 'चालतोय तर मग हे का नाही' म्हणून घर खचतं.

तुमच्याकडच्या कागदावर आठ स्क्रू आणि दोन रॉड लिहिले आहेत, आई त्याला घाबरल्या. आत काय झालं ते सांगतो. रुग्णाला पालथं झोपवतात, छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडाखाली उशा, पोट मधे मोकळं लोंबतं ठेवतात. पोट दाबलं गेलं तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. मधोमध चीर, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडावरून सोडवायचे. प्रत्येक मणक्याला मागून पुढे जाणारे हाडाचे दोन पूल असतात, त्याला आम्ही पेडिकल म्हणतो. कंबरेला ते बोटाएवढे, छातीकडे पेन्सिलीएवढे. त्या पुलातून स्क्रू न्यायचा. आतल्या भिंतीला लागून नसा, बाहेर आणि पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. सी-आर्मच्या, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर दिसतं, पण खरी खबर हातालाच मिळते. बोथट सळई हळूहळू पुढे सरकवताना आतलं हाड खरखरतं, ओल्या वाळूत काडी घालावी तसं. तो खरखरीतपणा एकदम गेला आणि सळई मऊ पडली की समजायचं भिंत फुटली, मागे या. मग टोकाला बारीक गोळी असलेली तार घालून चारी भिंती आणि तळ चाचपायचा. पाचही ठिकाणी हाड लागलं तरच स्क्रू. हे प्रत्येक छिद्राला, आठही वेळा. इतक्या वर्षांनंतरही तेवढ्या क्षणांना मी कोणाला बोलू देत नाही.

फुटलेल्या मणक्याच्या वर दोन आणि खाली दोन मणक्यांत स्क्रू लावून रॉडने सगळं धरून ठेवलं. मग पोकळीची मागची कमान काढून आत घुसलेला तुकडा पुढे ढकलला. काही वेळा मणक्याचा पुढचा भाग इतका भुगा झालेला असतो की तिथे पिंजरा बसवावा लागतो, तुमच्याकडे ती गरज पडली नाही. धातू टायटॅनियमचा असतो, पुढे एमआरआय करता येतो, आणि त्रास देत नसेल तर काढायचीही गरज नसते.

म्हणजे ऑपरेशनने दोन गोष्टी दिल्या. दाब गेला. आणि पाठ इतकी पक्की झाली की तो उद्या बसू शकेल. मला या दोघांतली दुसरी मोठी वाटते. जिथे ऑपरेशन होत नसे तिथे असे रुग्ण सहा-सहा, आठ-आठ आठवडे सपाट पडून असत, आणि दुखापतीपेक्षा त्या पडून राहण्यानेच जास्त लोक गेले. शेजारच्या काकांना हे सांगा. त्यांनी ज्यांना ऑपरेशननंतर अधू झालेलं पाहिलं, ते बहुतेक ऑपरेशनच्या आधीच अधू झालेले होते.

स्टिरॉइडचं इंजेक्शन का दिलं नाही, असं मामांनी विचारलंय. १९९० च्या एका चाचणीनंतर ते जगभर सर्रास देत असत, मीही दिलंय. पुढे लक्षात आलं की फायदा अगदी संशयास्पद, आणि जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव मात्र खरा. २०१३ साली अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनच्या सूचनांनी ते देऊ नका असंच सांगितलं. यावर अजून मतभेद आहेत, पण दिलं नाही म्हणून काही हुकलं असं मानू नका. स्टेम सेलवाल्यांचे फोन तुम्हाला आता येतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांनुसार अशा दुखापतीसाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की फोन ठेवा. शेत विकून गेलेली माणसं मी बघितलीत, ती तशीच परत आली आणि व्हीलचेअरला पैसे उरले नव्हते.

एक काम आजच करा. दोन्ही टाचांचे एक्स-रे झालेत का ते विचारा. उंचावरून उभा पडलेला माणूस कधीकधी टाच आणि एल-वन दोन्ही मोडून घेतो, आणि पायात संवेदना कमी असेल तर टाच दुखतच नाही. मग ती कोणाच्या लक्षात येत नाही, आणि महिन्याने त्याला उभं करायला जातो तेव्हा कळतं. पूर्ण मणक्याचा स्कॅन झालाय ना हेही विचारा. एक फ्रॅक्चर सापडलं की डोळे तिथेच थांबतात, दुसरं वर कुठेतरी लपलेलं असतं.

शेजाऱ्यांनी त्याला काखेत आणि गुडघ्यात धरून, मुटकुळं करून गाडीत घातलं, याबद्दल तुमच्या मनात जे आहे ते काढून टाका. ते धावले. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: माणूस पडला आणि पाठ किंवा मान दुखते म्हणाला, तर श्वास आणि रक्तस्राव बघा, १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत हलवू नका. हलवावंच लागलं तर चौघं. एकाने फक्त डोकं आणि मान धरायची, तोच 'एक, दोन, तीन' म्हणणार. बाकी तिघं खांद्याला, कंबरेला, पायाला. ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम कुशीवर, पाठीमागून फळी, आणि तसंच परत. घरातला दरवाजाही फळी म्हणून चालतो. मात्र हॉस्पिटलात पोचल्यावर फळी काढायला सांगा. दोन तास फळीवर पडलेल्या सुन्न पाठीला तिथूनच जखम सुरू होते. मानपूरच्या घाटात किंवा खंडवा रोडला वाहनाचा अपघात असेल, तर २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार कॅशलेस. घरच्यांना हे माहीत नसतं आणि पैशांच्या जुळवाजुळवीत रात्र जाते.

आता आईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि त्याआधी माझी एक गोष्ट.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. निमाडातला एक तरुण शेतकरी विहिरीत पडला होता, छातीच्या बाराव्या मणक्याला मार, दोन्ही पाय गेलेले. मी ऑपरेशन केलं. एक्स-रे इतका सरळ आला की मी तो पुढे कित्येक दिवस शिकाऊ मुलांना दाखवत होतो. दहाव्या दिवशी टाके काढून त्याला घरी सोडलं. बायको तरुण होती, पदर तोंडाशी धरून दाराजवळ उभी होती. मी तिला औषधांचा कागद दिला, सहा आठवड्यांनी दाखवायला या म्हटलं. ते आले तीन महिन्यांनी. माकडहाडावर जखम होती, माझी मूठ मावेल एवढी, तळाला हाड दिसत होतं. लघवीची नळी तीच, मी घातलेली, एकदाही बदललेली नव्हती. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला होता. अकरा दिवसांनी तो गेला. त्याच्या पाठीतले माझे स्क्रू शेवटपर्यंत जागच्या जागी होते. बायको एवढंच म्हणाली, "साहेब, कूस बदलायची असते हे मला कोणी बोललं नाही."

ते मी बोलायला हवं होतं. तेव्हापासून डिस्चार्जच्या आधी घरच्यांबरोबर एक तास बसल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही, आणि तो तास आज तुमच्यासाठी इथे लिहितोय.

दर दोन तासांनी कूस. रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन तिरपं ठेवा. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, नितंब, टाचा डोळ्यांनी बघा. लाल झालेली जागा दाबून पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात, त्या बाजूला झोपवायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल इथे अशा सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. तोवर पाय गेलेला माणूस काही महिन्यांत जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने जायचा, आणि डॉक्टरही ते गृहीत धरत. गुटमनने दिवस-रात्र दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, स्वतः रात्री फिरून बघायचा. औषधं कमीच होती. तरी माणसं जगायला लागली.

लघवीची नळी कायम ठेवू नका. थोडं स्थिरावलं की दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढायची. तुमचा भाऊ हातांनी धडधाकट आहे, हे त्याने स्वतः शिकावं. एका वेळी पाचशे मिलिलिटरच्या वर जमू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटेल, आठव्या दिवशी दात घासल्यासारखं होईल. शौचाला रोज एकच वेळ ठरवा, नाश्त्यानंतरची. पोटात अन्न गेलं की आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा.

शेक नको. गरम पाण्याची पिशवी नको. त्याला भाजलेलं कळणार नाही, सकाळी फोड दिसेल. आईंना तेल लावून पाय चोळायची फार इच्छा असणार, हळुवार हात फिरवायला हरकत नाही. पण एक पाय अचानक सुजला, गरम लागला, तर चोळायचा नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. शिरेत गुठळी झालेली असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणि एक गोष्ट, जी तो विचारणार नाही आणि वहिनीही विचारणार नाहीत. तो चौतीस वर्षांचा आहे. शरीरसंबंधांचं, मुलांचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्या रात्रीपासून असणार. याला उपाय आहेत, औषधं आहेत, मूल होण्याचे मार्ग आहेत. तुमच्या सर्जनना सांगा, महिनाभराने दोघांना एकत्र बसवून दार लावून बोला.

तो चालेल का? सी श्रेणी, एल-वन, वेळेत दाब निघाला, तरुण वय. माझ्या अनुभवात अशांपैकी बरेच जण काठी किंवा पट्ट्या लावून का होईना, उभे राहतात. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त दिसते, पुढे दीड-दोन वर्षं हळूहळू चालू असते. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून पंजापर्यंत केवढं अंतर आहे बघा. मांडी आधी येईल, पंजा सर्वांत शेवटी, कदाचित पूर्ण येणारही नाही. वरवर काहीच न घडणारे आठवडे येतील, त्यात फिजिओथेरपी बंद करू नका.

आणि तो चाललाच नाही, तर? आईंना हे विचारायचंय आणि तोंडावर येत नाहीये, हे तुमच्या पत्रावरून कळतं. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, एक गोळी मणक्यात. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. तुमच्या भावाने पदक आणावं असं माझं म्हणणं नाही. त्याचं दुकान आहे, हिशोबाला तो पक्का आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दुकानाच्या दोन पायऱ्यांवर उतार करून घ्या आणि संडासाचा दरवाजा व्हीलचेअर जाईल एवढा रुंद करा. तो चालला तरी पहिले काही महिने त्याला हे लागणारच आहे, म्हणून वाट न बघता मिस्त्री बोलवा.

उद्या सकाळी फिजिओथेरपिस्ट त्याला बसवतील. एकदम नाही, आधी पलंगाची डोकेकडची बाजू थोडी थोडी वर करतील, मग कंबरपट्टा बांधून, कुशीवरून, पाय खाली सोडून. पहिल्यांदा चक्कर येईल, चेहरा पांढरा पडेल, रक्तदाब सावरायला दोन मिनिटं लागतात, घाबरून ओरडू नका, परत टेकवतील आणि पुन्हा करतील. आईंना त्या वेळी खोलीत राहू द्या, पायांकडच्या बाजूला खुर्ची टाकून बसवा. तीन दिवस तो छताकडे बघत पडलाय.